अकरा पांढरी नाणी

शारजात अल मजाजला आम्ही राहायचो, त्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर एक म्हातारे फ्रेंच गृहस्थ एकटे राहत होते. तीन वर्षं एकाच इमारतीत राहून मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरात खालच्या ग्रोसरीच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. इंग्रजी टायपिंग येणारी व्यक्ती हवी, सकाळी दोन तास, ताशी वीस दिरहम. म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये. लग्नाआधी सांगलीत मी एका वकिलांकडे टायपिस्ट होते, पण तिथे दिवसभर बडवूनही एवढे मिळत नव्हते.

माझे यजमान अबूधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात स्टोअर सांभाळायचे. आठवडाभर कंपनीच्या खोलीवर राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी यायचे. मुलगी आठ वर्षांची, सकाळीच शाळेत जायची. मग दुपारपर्यंत मी आणि भिंती. यजमानांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कर. पण बोलू नकोस कुणाला. तू माझ्या व्हिजावर आहेस, तुझ्याकडे लेबर कार्ड नाही."

वर गेले तर दार उघडंच होतं. गृहस्थ पंच्याहत्तरीच्या पुढचे, उंच, वाकलेले. तीस वर्षं तेल कंपन्यांसाठी समुद्राच्या तळाची मोजणी केलेली. बायको इथेच वारली होती. मुलगा दुबईत ऑफिस फर्निचरचा धंदा करायचा. मधुमेहाने त्यांची नजर मधोमध गेली होती. कडेकडेने थोडं दिसायचं, त्यामुळे ते माझ्याशी बोलताना तोंड खिडकीकडे करून बसायचे. पहिले काही दिवस मला वाटायचं, हे माझ्याशी बोलतच नाहीयेत.

काम नाण्यांचं होतं. सातशे वर्षांपूर्वीची फ्रान्सची चांदीची नाणी, एकशे त्रेसष्ट. त्यांचे वडील रेल्वेत कारकून होते. त्यांनी आयुष्यभर एकेक करून जमवलेली. ती सगळी फ्रान्समधल्या आपल्या गावातल्या छोट्या संग्रहालयाला द्यायची, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं. त्याआधी प्रत्येक नाण्याचं एक कार्ड तयार करायचं. चित्र काय, अक्षरं कोणती, झीज किती, वजन किती. डोळे पूर्ण जायच्या आत हे व्हायला हवं होतं. खरं तर त्यांचे डोळे आधीच गेले होते, म्हणून मी.

टेबलावर सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता, एक भिंग होतं आणि हिरव्या कापडाच्या चपट्या पेट्या. मी भिंगातून एकेक अक्षर वाचायचे, ते त्याचा शब्द लावायचे. मग नाणं काट्यावर ठेवून वजन मोठ्याने सांगायचं आणि पेन्सिलने रफ वहीत लिहायचं. "एकदा मोजलेलं वजन कार्डावर लिहायचं नाही," ते म्हणाले. "दोनदा मोजायचं, मधे निदान दोन महिने जाऊ द्यायचे. हा माझ्या वडिलांचा नियम." म्हणून पहिली फेरी डिसेंबरपर्यंत वहीत आणि दुसऱ्या फेरीनंतर कार्डं, असं ठरलं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या तळहातावर एक काळपट, पातळ नाणं ठेवलं. आपल्या जुन्या दहा पैशांहून लहान आणि ग्रॅमभर वजनाचं. चांदीचं म्हणायला जीभ धजावेना.

"हा दनिए," ते म्हणाले. "एवढंच घेऊन तुम्ही बाजारात गेलात, मादाम. काय आणाल?"

"काय मिळेल?"

"एक पाव. पीक बुडालेलं असलं तर अर्धा."

"आणि पीक चांगलं असून मला अर्धाच पाव हवा असला तर?"

त्यांना प्रश्न आवडला. त्यांनी चाचपत दुसऱ्या पेटीतून आणखी लहान नाणं काढलं. ओबोल, दनिएचा अर्धा. नखाएवढा. तो पडला तर शोधायला अख्खं घर झाडावं लागत असेल, असं माझ्या मनात आलं.

दोन तासांचे कधीकधी तीन तास व्हायचे. ते सांगायचे आणि मी ऐकायचे. या नाण्यांत तांबं जास्त, म्हणून ती हातोहात फिरून काळी पडायची आणि लोक त्यांना काळी नाणीच म्हणायचे. भाजी, पाव, दारूचा पेला, न्हाव्याचे पैसे, देवळातली मेणबत्ती, सगळं काळ्या नाण्यांत. एका गावच्या नाण्यावर फणी कोरलेली होती. त्या गावी कापडाची मोठी जत्रा भरायची. दूरदूरहून आलेल्या ज्या व्यापाऱ्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, तेही फणी बघून नाणं ओळखायचे आणि बिनबोभाट घ्यायचे. मग पुढे पांढरं नाणं आलं, ग्रो. चांगल्या चांदीचं, चार ग्रॅमच्या वर, बारा काळ्यांच्या मोलाचं. त्यावर दोन ओळींत गोल फिरणारी अक्षरं होती. कापडाचा तागा, घोडा, घराचं भाडं पांढऱ्यात द्यायचं.

"ज्यांच्या हातात जन्मात कधी ग्रो आला नाही, अशीच माणसं जास्त," ते म्हणाले. "आणि राजाला लढाईला पैसा लागला की तो चांदी कमी करायचा. चित्र तेच, अक्षरं तीच."

"मग लोकांना कळायचं कसं?"

"पाववाल्याला आधी कळायचं. तो नाणं परत करायचा. ज्या बाईच्या हातात तो परत करायचा, तिला शेवटी कळायचं."

त्यांच्याकडे ग्रो एकोणीस होते. उरलेली एकशे चव्वेचाळीस नाणी काळी.

जानेवारीत एक दिवस मी वर गेले तेव्हा मुलगा आला होता. पन्नाशीचा, घाईतला माणूस. पांढऱ्या नाण्यांची पेटी त्याने काखेत घेतली. दुबईत चांगला फोटोग्राफर आहे, फोटो काढून आणतो, म्हणाला. आठ दिवसांनी पेटी परत आली. फोटो मात्र आले नाहीत. "इन्शाल्ला पुढच्या महिन्यात," असं तो दर वेळी म्हणायचा.

मार्चमध्ये दुसऱ्या फेरीत मी पांढऱ्या नाण्यांपाशी आले. पहिलं ठेवलं, काट्यावर तीन पॉइंट एकसष्ट. वहीत पाहिलं तर चार पॉइंट अठरा. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. तेच. दुसरं नाणं, तीन पॉइंट बासष्ट. तिसरं, तीन पॉइंट एकसष्ट. मी भिंग लावलं. तिन्ही नाण्यांवर एकाच अक्षराच्या पोटात एकच बारीक खाच होती, त्याच जागी, त्याच लांबीची. सातशे वर्षं वेगवेगळ्या खिशांतून फिरलेल्या तीन नाण्यांना सारखी खाच कशी पडेल?

"मादाम?" ते खिडकीकडे तोंड करून वाट बघत होते. "किती?"

काटा अडकतोय, सेल गेले असतील, उद्या बघू, असं काहीतरी मी म्हणाले. ते म्हणाले, "काही हरकत नाही, उद्या."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी बरं नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी यजमान आले. ते अंघोळ करून बाहेर आले, जेवेपर्यंतही मला धीर नव्हता. तशीच त्यांच्यापुढे उभी राहून सगळं सांगितलं.

"तुला खात्री आहे?"

"हो."

"कुणी बदलली?"

"घरात मुलाशिवाय कोणी येत नाही. पेटी त्यानेच नेली होती."

ते बराच वेळ टॉवेलने मान पुसत राहिले. "आणि तू," ते म्हणाले. "तूही जातेस तिथे. नाणी तुझ्याच हाताखालून जातात. तो म्हणाला, बाईने नेली, तर? आधी पोलीस विचारतील, तू तिथे काम कसं करतेस. मग मला बोलावतील. मग माझी कंपनी. तो इथला धंदेवाला आहे, त्याच्या ओळखी असतील. आपली इथे कोण ओळखीची?"

"मग काय करू?"

"काही करू नकोस. जुनी वजनं सांग. दोन महिन्यांत कार्डं संपतील, मग जाऊ नकोस."

शनिवारी मी वर गेले. पहिलं नाणं काट्यावर ठेवलं.

"किती?"

"चार पॉइंट अठरा," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. पहिल्या फेरीची सगळी वजनं त्यांना तोंडपाठ होती. "बरोबर. पुढचं."

एकोणीसपैकी अकरा खोटी निघाली. अकराच्या अकरा वेळा मी काट्यावरचं न वाचता वहीतलं वाचलं. का कोण जाणे, पण काट्यावरचा खरा आकडा वहीच्या समासात बारीक अक्षरात लिहीत गेले. तोंड एक बोलत होतं आणि हात दुसरंच लिहीत होता. कोणाला दाखवायचं असं काही मनात नव्हतं. त्या दिवसापासून काम झालं की ती वही घरी आणायचे आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवायचे.

पुढचे दोन महिने मी कार्डं टाईप करत होते. ते खूश होते. गावाकडच्या संग्रहालयाला पत्र सांगायचे, मी लिहून घ्यायचे. "प्रत्येक नाणं दोनदा तोललेलं आहे," असं एक वाक्य त्या पत्रात होतं. ते टाईप करताना माझी बोटं तीनदा चुकली. सांगावं असं रोज सकाळी वाटायचं. एकदा सुरुवातही केली होती, "सर, एक विचारायचं होतं," आणि त्यांनी इतक्या आनंदाने मान वळवली, की मी फणीच्या नाण्याबद्दल काहीतरी विचारून टाकलं. अर्धा तास ते सांगत राहिले. माझ्या कानात एक शब्द शिरला नाही.

मे महिन्यात संग्रहालयाच्या बाई आल्या. साठीच्या, शांत, स्वतःचा काटा बरोबर आणलेल्या. त्या दिवशी मुलगाही आला होता. बाईंनी आधी काळी नाणी पाहिली, मान डोलावली. मग पांढऱ्यांची पेटी पुढे ओढली. पहिलं नाणं हातात घेतलं, उलटं केलं, त्याची कड बघितली. दुसरं घेतलं. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवून त्या थांबल्या आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाल्या. म्हाताऱ्यांनी इंग्रजीत विचारलं, बहुतेक मलाही कळावं म्हणून:

"कार्डावर काय आहे?"

"चार पॉइंट अठरा."

"आणि काट्यावर?"

"तीन पॉइंट एकसष्ट. हे ठोकून पाडलेलं नाणं नाही, साच्यातलं ओतीव काम आहे. अलीकडचं."

मग मुलगा बोलला, अगदी सहज. "या बाई रोज येतात, पपा. नाणी यांच्याच हाताखालून जातात. कार्डंही यांनीच लिहिली आहेत. मी पोलिसांना फोन करतो. यांच्या नवऱ्याचा पासपोर्ट कुठल्या कंपनीत आहे, तेही कळेल."

यजमान मुसफ्फात होते. त्यांना विचारायला वेळ नव्हता आणि विचारलं असतं तर उत्तर मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "दहा मिनिटं द्या." खाली घरी आले. डब्यामागची वही काढली. तिच्यात माझ्या अक्षरात सगळं होतं. मी चोरी केली नाही हे तिच्यात होतं आणि मला ठाऊक होतं हेही तिच्यातच होतं. एक टाकून दुसरं देता येत नव्हतं. स्वयंपाकघरात मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग वर गेले.

म्हातारे म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. नाणं पहिलं, ऑक्टोबरातलं वजन, मार्चमधलं वजन. नाणं दुसरं. असं अकराव्यापर्यंत. बाई शेजारी उभ्या राहून वहीतल्या तारखा बघत होत्या.

"ऑक्टोबरात खरी होती," म्हातारे म्हणाले. "मार्चमध्ये नव्हती. मधे पेटी कुठे गेली होती?"

मुलगा खिडकीपाशी जाऊन खालीद खाडीच्या पाण्याकडे बघत राहिला. म्हातारेही त्याच दिशेला तोंड करून बसले होते, पण ते त्यांच्या सवयीने. त्या क्षणी ते मुलाकडे बघत होते की आणखी कुठे, हे मला सांगता येणार नाही.

"खलास," ते शेवटी म्हणाले. "पोलीस नाही. कुणीही फोन करायचा नाही."

मुलगा गेला. बाई शेजारच्या खोलीत जाऊन बसल्या. आम्ही दोघंच उरलो.

"मार्चपासून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्या दिवशी काटा बिघडला म्हणालात, तेव्हा?"

"तेव्हापासून."

"त्याने अकरा नाणी नेली," ते म्हणाले. "तुम्ही सगळी नेलीत."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, "सर, मी एकाही नाण्याला..."

"एकशे त्रेसष्ट कार्डं. सगळी तुमच्या हातची. आता त्यातलं कुठलं खरं धरायचं? मला दिसत नाही, मादाम. तुम्ही जे वाचलंत तेच माझ्याकडे होतं."

ते चिडले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "मी घाबरले. मी नवऱ्याच्या व्हिजावर आहे. त्याची नोकरी गेली असती, मुलीची शाळा..."

ते म्हणाले, "मीही माझ्या मुलाच्याच व्हिजावर आहे. तो नाही म्हणाला तर मला हे घर सोडावं लागेल. माझी बायको इथे पुरलेली आहे." आणि थोड्या वेळाने, "जा तुम्ही."

मी वही टेबलावर ठेवली आणि निघाले. पुन्हा वर बोलावणं आलं नाही.

संग्रहालयाच्या बाई आणखी चार दिवस राहिल्या, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. त्यांनी सगळी नाणी स्वतः पुन्हा तोलली होती. काळ्या नाण्यांची माझी एकशे चव्वेचाळीस वजनं बरोबर होती. ती नाणी त्या घेऊन चालल्या होत्या. पांढरी मात्र एकही नाही. जी आठ खरी होती तीही इथेच राहू द्या, असं म्हातारेच म्हणाले होते.

"काळ्यांना कुणी हात का लावला नाही?" मी विचारलं.

"त्यांना किंमत येत नाही," त्या म्हणाल्या. "पण संग्रहालयाला तीच हवी होती. लोक बाजारात तीच वापरायचे." कार्डं त्यांनी नव्याने लिहिली होती. माझी कार्डं घेतली नाहीत, हे सांगताना त्यांनी नजर खाली वळवली.

यजमानांना मी गुरुवारी सगळं सांगितलं. ते भडकले. "वही दाखवायची काय गरज होती? जाळून टाकायचीस." दोन शुक्रवार आमच्यात जेवायला बस आणि झोप एवढंच बोलणं झालं. मुलीला काहीतरी बिनसलंय हे कळत होतं. तिने मला विचारलं, "ममा, डिड यू लूज युअर जॉब?" मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

जुलैत एकदा दुपारी बाजाराच्या पिशव्या घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले तर आत ते होते. शेजारी मल्याळी नर्स, तिने त्यांचं कोपर धरलेलं. ते खूप वाळले होते. दार बंद झालं. त्यांनी मान किंचित वळवली आणि विचारलं, "कोण आहे?"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. पिशवीतल्या कोथिंबिरीचा वास सगळ्या लिफ्टभर पसरला होता. माझा मजला आला तशी मी बाहेर पडले. दारातून आत गेल्यावरही पिशव्या हातातच होत्या.

ऑगस्टअखेर वॉचमन म्हणाला, नववा मजला रिकामा झाला. मुलाने धंदा आवरून वडिलांना फ्रान्सला एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. जाताना म्हातारे कब्रस्तानात जाऊन आले, असं नर्सने वॉचमनला सांगितलं होतं. त्या हिवाळ्यात ते गेल्याची बातमी आली, तीही वॉचमनकडूनच. कोणाला कळवायचं, कुठे पत्र लिहायचं, मला काही माहीत नव्हतं. संग्रहालयाच्या गावाचं नाव ठाऊक होतं, पण तिथे लिहिण्यासारखं माझ्याकडे काय होतं?

बातमी कळली त्या शुक्रवारी यजमान घरी होते. मी वरणभात वाढला. मुलगी शेजारच्या मैत्रिणीकडे गेली होती. ते दोन घास खाऊन थांबले.

"गप्प बस असं मीच तुला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग चूक माझी."

"तुम्ही मुसफ्फात होता," मी म्हणाले. "वजनं मी वाचली."

थोड्या वेळाने त्यांनी लोणच्याची बरणी मागितली आणि मी ती पुढे सरकवली.